पैसा तारेत घाला, बिलात नव्हे

(फोंडा येथे एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी आणि एवढ्या पावसातून आलेले माझे सगळे स्नेही,

विषय पत्रिकेवर छापला आहे तो असा: ‘देशाच्या उद्योगाचं विद्युतीकरण आणि सार्वजनिक गुंतवणूक’. संयोजकांनी मला पाऊण तास दिला आहे. मी तीन भाग करणार आहे. पहिला, आपल्या देशात कारखान्यांपर्यंत वीज कुणाच्या पैशाने पोचली. दुसरा, गोव्यात काय घडलं. तिसरा आणि महत्त्वाचा, आता सरकारने पैसा कुठे घालायला हवा. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना मी आयुष्यभर चालवला, आता मुलगा चालवतो. विजेचं बिल आणि विजेची तार या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत आणि माझं सगळं म्हणणं या दोहोंतल्या फरकाबद्दलच आहे.

सुरुवात म्हैसूरपासून करतो. १९०२ साली कावेरीवर शिवनसमुद्रम इथे वीज तयार झाली आणि ती सुमारे १४७ किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. त्या काळात एवढ्या लांब वीज नेणाऱ्या तारा जगात मोजक्याच होत्या. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ साली. म्हणजे वीज आधी उद्योगाकडे गेली, मग दिव्याकडे आली. आणि हे केलं कुणी? संस्थानाच्या सरकारने, संस्थानच्या तिजोरीतून. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी हे काम हाती घेतलं. ते पूर्ण झालेलं पाहायला ते राहिले नाहीत, १९०१ मध्येच वारले. खाणी चालवणारी कंपनी इंग्रजांची होती, तिच्याकडे भांडवल भरपूर होतं. पण कावेरी अडवून दीड-एकशे किलोमीटर खांब उभे करायचं तिच्या मनात आलं नाही. ती वीज विकत घ्यायला तयार होती. तार मात्र सरकारने ओढायची होती.

तुमच्यापैकी कुणीतरी लगेच विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग टाटांचं काय? खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, ते खासगी भांडवलातून. खरं आहे, आणि मोठं काम आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, मुंबईच्या गिरण्या आधीच उभ्या होत्या. कोळसा जाळून वाफेवर चालत होत्या, वीज मिळाली तर घेऊ म्हणत होत्या. गिऱ्हाईक दारात उभं असताना तार ओढणं आणि गिऱ्हाईक जन्माला यायच्या आधी तार ओढणं, यांत फार अंतर आहे. दुसरी गोष्ट, धरणाखालची जमीन कंपनीला सरकारने कायद्याचा हात वापरून मिळवून दिली होती. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ सालचा, तो टाटांच्याच पुढच्या, मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. तेव्हा ‘खासगी प्रकल्प’ म्हणतो त्यातही जनतेने काय घातलं होतं हे मावळातल्या त्या शेतकऱ्यांना विचारायला हवं होतं. त्यांचं नाव भागधारकांच्या यादीत नव्हतं.

आता गिऱ्हाईक जन्माला यायच्या आधी तार पोचली की काय होतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण कोइम्बतूरचं आहे. निलगिरीत पायकारा नदीवर मद्रास सरकारने वीजघर बांधलं, ते १९३२ मध्ये सुरू झालं. १९३२ म्हणजे जगभरची मंदी. अशा वेळी सरकारने डोंगरातून वीज खाली आणली. कोइम्बतूरच्या आसपास कापूस होता, मेहनती माणसं होती, थोडं भांडवल होतं. वीज आल्यावर सूतगिरण्या भराभर उभ्या राहिल्या. विहिरींवर पंप बसले. पंप आले तसे ते दुरुस्त करणारे आले, दुरुस्त करणारे स्वतः पंप बनवू लागले. १९३७ च्या सुमारास जी. डी. नायडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच देशी बनावटीची विजेची मोटर तयार केली. पाच वर्षांत! आज आपल्या घरातल्या विहिरीवरचा पंप कुठला आहे ते उद्या सकाळी बघा, पाटीवर कोइम्बतूर लिहिलेलं असण्याचा पुष्कळ संभव आहे. मद्रास सरकारच्या कुठल्याही अहवालात ‘आम्ही पंपांचा उद्योग उभा करणार’ असं लिहून ठेवलेलं असण्याची गरज नव्हती. त्यांनी तार पोचवली. बाकीचं लोकांनी केलं.

या बाबतीत मला एक परदेशातलं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ॲडम बेक नावाचे गृहस्थ होते. सिगार ठेवायच्या लाकडी पेट्यांचा त्यांचा कारखाना. नायगाराच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली होती, पण ती खासगी कंपन्यांच्या हातात होती, आणि आपल्यासारख्या लहान गावांतल्या लहान कारखान्यांना ती परवडेल अशा दरात पोचणार नाही, हे बेक आणि त्यांच्यासारख्या कारखानदारांनी ओळखलं. म्हणून त्यांनीच सरकारकडे मागणी केली की हे काम तुम्ही हातात घ्या. १९०६ मध्ये सरकारी आयोग स्थापन झाला, बेक त्याचे अध्यक्ष झाले. १९१० मध्ये पहिल्या गावात वीज पोचली. आता यातला बारकावा ऐका. त्या आयोगाने सुरुवातीला वीज स्वतः तयार केली नाही. वीज त्यातल्याच एका खासगी कंपनीकडून घाऊक भावाने घेतली आणि फक्त तारा स्वतःच्या ओढल्या. त्यांना कळलं होतं की चावी तारेत आहे. आणि ही मागणी कारखानदारांनी केली होती, कुण्या समाजवादी पक्षाने नाही. आपल्याकडे उद्योजकांच्या बैठकीत ‘सरकारने यातून बाहेर पडावं’ असं कुणी म्हणालं की मला त्या पेटीवाल्याची आठवण होते.

आपल्या देशात हा विचार सगळ्यात स्पष्ट कुणी मांडला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. संविधान, समाजसुधारणा यांच्या संदर्भात आपण त्यांचं नाव घेतो, पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते श्रममंत्री होते आणि पाटबंधारे, वीज हे विषय त्यांच्याकडे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीतल्या एका धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केलं. त्याचा आशय असा, की स्वस्त आणि मुबलक वीज कशाला हवी, तर तिच्यावाचून या देशाच्या औद्योगिकीकरणाचा कुठलाही प्रयत्न यशस्वी होणार नाही. आणि औद्योगिकीकरण कशाला, तर दारिद्र्याच्या न संपणाऱ्या फेऱ्यातून लोकांना सोडवायला. म्हणजे विजेचा धागा त्यांनी थेट माणसाच्या भुकेपर्यंत नेला. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला, राज्याराज्यांत वीज मंडळं झाली, दामोदर खोरं, भाक्रा, आपल्या शेजारचं कोयना, सगळं उभं राहिलं. केंद्राची वीज तयार करणारी कंपनी एन.टी.पी.सी. १९७५ ची. लांब पल्ल्याच्या तारा ओढणारी पॉवरग्रिड १९८९ ची. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाईन चालू झाली, तेव्हा दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं जाऊन एकच राष्ट्रीय ग्रिड झालं. सोलापूरहून जाताना ते मनोरे दिसतात. त्या मनोऱ्यांखालून जाताना मी गाडी थोडी हळू करतो. मला ते देवळाच्या शिखराइतके मोठे वाटतात.

आता आपल्या गोव्यात येतो. पोर्तुगीज काळात वीज होती ती मोजक्या शहरांत, डिझेलवर चालणाऱ्या संचांतून. खेड्यांत कंदील. १९५० च्या दशकात इथून लोहखनिज बोटी भरभरून जपानला जात होतं. खाणमालकांकडे पैसा आला, आयात मोकळी होती, पणजीच्या दुकानांत परदेशी माल मिळत होता. आणि तरीही त्या खनिजापासून इथे काहीही बनत नव्हतं. माती जशी निघाली तशी गेली. याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष विजेवर घालणार नाही. पण ज्या प्रदेशात एक मध्यम भट्टी चालवण्याइतकी वीज नाही, तिथे श्रीमंत माणूस काय करतो? तो दगड विकतो.

आमचे बाबा भाताची गिरण चालवत. इंजिनावरची. माझ्या वयाच्या लोकांना तो आवाज आठवत असेल. इंजिन एका कोपऱ्यात, छताला लांब लोखंडी शाफ्ट, शाफ्टवर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली यंत्रावर उतरणारा चामड्याचा पट्टा. भात कांडायचं यंत्र, पिठाची चक्की, पुढे मिरची दळायचं यंत्र, सगळं त्या एका शाफ्टवर. मिरची दळायची असली तरी सगळा शाफ्ट फिरणार. पट्टा निसटला तर सगळं थांबवायचं. पट्ट्याला राळ लावायचं काम माझ्याकडे असे आणि आई दर वेळी दारातून ओरडायची, सदऱ्याची बाही वर कर म्हणून, कारण शेजारच्या गावातल्या एका गड्याचा हात तसल्याच पट्ट्यात गेला होता. मुक्तीनंतर सरकारचं वीज खातं झालं, १९६३ मध्ये. शेजारच्या राज्यांतून तारा आल्या. आमच्या गावात खांब उभे राहायला आणखी काही वर्षं गेली. वीज आल्यावर बाबांनी आधी काय केलं सांगतो. इंजिन काढलं, त्याच जागी एक मोठी मोटर ठेवली, आणि शाफ्ट, पुल्या, पट्टे तसेच चालू ठेवले! आवाज कमी झाला, धूर गेला, पण गिरण तीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसली ती बऱ्याच वर्षांनी. त्यानंतर यंत्रं उजेडात, खिडकीजवळ आणता आली. मिरचीचं यंत्र बाहेरच्या पडवीत गेलं, आणि आईचा खोकला थांबला.

हे मी घरची आठवण म्हणून सांगत नाही. अमेरिकेतल्या कारखान्यांत हेच झालं आहे. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं वीजघर १८८२ मध्ये सुरू झालं. १९०० च्या सुमारास कारखान्यांतली यंत्रं फिरवणाऱ्या शक्तीत विजेचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच होता. निम्म्यावर जायला १९२० उजाडलं. चाळीस वर्षं! शाफ्ट काढून यंत्रागणिक मोटर बसवायची, कारखान्याची मांडणी बदलायची, इमारत बदलायची, माणसांना नवं शिकवायचं, याला एवढा वेळ लागतो. आता मला सांगा, चाळीस वर्षं थांबून नफा घेईन असं म्हणणारा सावकार तुम्ही पाहिला आहे? मला बँकेने यंत्रासाठी कर्ज दिलं ते पाच-सात वर्षांचं. मोठ्या तारेतली वीज उतरवून कारखान्यांना वाटणारं उपकेंद्र तीस वर्षं चालतं. पहिली कित्येक वर्षं ते अर्धं रिकामं चालतं, आणि ते तसं रिकामं चालावं म्हणूनच बांधायचं असतं, कारण जागा शिल्लक आहे हे बघूनच नवा माणूस कारखाना काढायचं धाडस करतो. हे थांबणं फक्त समाजाला परवडतं.

आणि गोमंतकीयांना हे नव्याने शिकवायला नको. आपली खाजन शेती बघा. मांडवी-झुआरीच्या खाऱ्या पाण्याला अडवून गांवकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, बांध घातले, मानशी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं बसवली. बांध एकट्याने घालता येत नाही. मी माझ्या शेतापुरता बांध घालतो म्हटलं तर भरतीचं पाणी बाजूने आत येणार. आधी गाव एकत्र येऊन बांध घालतं, मग ज्याची त्याची शेती. वर्षानुवर्षं बांधाची डागडुजी गावाच्या खर्चाने. वीजवाहिनी हा आपल्या काळातला बांध आहे.

आता माझ्या कारखान्याचं एक दुखणं सांगतो. हे मी बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे, पण ते पुन्हा सांगायलाच हवं असं आहे. कुठली औद्योगिक वसाहत, कुठली कचेरी, ते सांगत नाही. माणसं बदलून गेली, कुणावर राग नाही.

प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनमध्ये एक बॅरल असतं. बाहेरून हीटरचे पट्टे, आत स्क्रू. दाणे पडतात, वितळतात, साच्यात जातात. वीज गेली की बॅरलमधला माल तिथेच राहतो. अर्ध्या मिनिटाने आली तरी मशीन पुन्हा तापमानावर यायला वेळ लागतो, आतला माल करपलेला, तो सगळा बाहेर काढून टाकायचा. जमिनीवर पिवळट-काळे गोळे पडतात, आम्ही त्यांना लगदा म्हणतो. नायलॉन असेल तर त्या गोळ्यांकडे बघवत नाही, इतकं ते महाग. पावसाळ्यात चुडत, म्हणजे माडाची झावळी, तारेवर पडली, फीडर ट्रिप, म्हणजे वसाहतीची लाईन बंद. वारा आला, ट्रिप. लाईनमन बिचारा रात्री दोन वाजता रेनकोट घालून बांबू घेऊन येई. त्याला प्रत्येक खांब नावानिशी ठाऊक होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदराशिवाय काही नाही.

अशात मला एक मोठी ऑर्डर मिळाली, बेळगावहून. मी कर्ज काढून नवं मशीन घेतलं आणि वाढीव लोडसाठी अर्ज केला. उत्तर आलं, वसाहतीच्या उपकेंद्रात जागा नाही, दुसरा ट्रान्स्फॉर्मर मंजूर झाला आहे, तो चालू झाला की देऊ. बरं वाटलं. काही महिन्यांनी ट्रेलरवरून ट्रान्स्फॉर्मर खरंच आला. आम्ही कारखानदार रस्त्यावर उभे राहून बघत होतो, कुणीतरी नारळही फोडला. तो चौथऱ्यावर बसला. आणि बसूनच राहिला. त्याच्या पुढे लागणारं ब्रेकरचं, म्हणजे वीज चालू-बंद करायचं, पॅनेल वेगळ्या निविदेत होतं, ती निविदा कुठेतरी अडली होती. केबल आणखी तिसऱ्या निविदेत. मी दर आठवड्याला कुंपणापाशी जाऊन बघत असे. ट्रान्स्फॉर्मरला एक काचेची बरणी असते, श्वास घ्यायची. आत सिलिका जेलचे खडे. कोरडे असले की निळे, ओल शोषली की गुलाबी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा खडे गर्द निळे होते. मृगात खालचा थर जांभळा झाला. चतुर्थीपर्यंत सगळी बरणी गुलाबी. ते खडे बदलायलाही कुणी आलं नाही, कारण चालू न झालेल्या ट्रान्स्फॉर्मरची देखभाल कुणाच्या यादीत नव्हती. रेडिएटरवर वेल चढली. फुलंही आली तिला.

बेळगावची ऑर्डर गेली. नवं मशीन प्लास्टिकच्या कापडाखाली, हप्ता चालू. ज्या बायकांना मी ट्रिमिंगसाठी नव्याने घेतलं होतं त्यांना परत पाठवावं लागलं. त्यातली एक मडकईहून दोन बसगाड्या बदलून येत असे. तिने एवढंच विचारलं, ‘भाऊ, वीज कधी येतली?’ मी तिला तारीख सांगू शकलो नाही.

मग मी काय केलं? जे सगळ्यांनी केलं ते. डिझेल जनरेटर घेतला. आणि त्याला बँकेने कर्ज चुटकीसरशी दिलं! एकेका शेडमागे एकेक जनरेटर. संध्याकाळी वसाहतीतून चालत गेलं तर धुराने घसा धरे. एकदा आम्ही काही जणांनी बसून हिशेब केला. आमच्या गल्लीतल्या जनरेटरांवर घातलेल्या भांडवलात ते पॅनेल आणि ती केबल सहज झाली असती, वर पैसे उरले असते. पैसा नव्हता असं नाहीच. पैसा होता, तो प्रत्येकाच्या शेडमागे धूर काढत उभा होता. सार्वजनिक गुंतवणूक जेव्हा अर्ध्यावर थांबते तेव्हा खर्च वाचत नाही, तो प्रत्येकाच्या खिशातून वेगवेगळा आणि दुप्पट होतो. आणि लहान माणसाला जास्त लागतो, कारण मोठ्या कारखान्याला स्वतःची ३३ केव्हीची लाईन घेता येते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे गुंतवणूक झाली असं मी मानत नाही. ट्रान्स्फॉर्मर आला म्हणजेही झाली नाही. शेवटचा जोड बसून वीज वाहायला लागली की झाली.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली. तिसरा भाग, जो सांगायला आलो, तो आता भराभर सांगतो.

गोव्याने एकेकाळी दुसरा रस्ताही करून पाहिला. १९९१ मध्ये सरकारने उद्योगांना वीजदरात २५ टक्के सवलत जाहीर केली. कारखाने यावेत हा हेतू चांगलाच होता. जास्त वीज खाणारे उद्योग त्याकडे ओढले जाणार हे उघड होतं, भट्ट्या चालवणाऱ्याला विजेचा दर म्हणजेच कच्चा माल. तिजोरीवर भार पडला, १९९५ मध्ये सवलत मागे घेतली गेली, मग वाद, खटले. २००२ मध्ये विधानसभेला खास कायदा करून सवलतीची देणी थांबवावी लागली, आणि तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैध ठरवला. जवळपास वीस वर्षं हे प्रकरण चाललं. शेवटी त्या पैशाचं गोव्याच्या जमिनीवर काय उरलं? बिलं भरली गेली, संपली. तेवढा पैसा उपकेंद्रांत गेला असता तर आज ती उपकेंद्रं चालू असती, आणि दर न उतरवताही कारखाने आले असते. कारण कारखानदाराला महाग वीज सोसते, बेभरवशाची सोसत नाही. राज्याराज्यांतल्या वीज मंडळांचंही हेच झालं. लोक म्हणतात सरकारी मालकीमुळे ती बुडाली. मी म्हणतो, दरातल्या सवलती वाटत राहिल्यामुळे तारांसाठी पैसा उरला नाही, म्हणून बुडाली.

वीजनिर्मितीचं म्हणाल तर सांकवाळला ४८ मेगावॅटचा नाफ्थावरचा (खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावरचा) खासगी प्रकल्प १९९९ पासून चालला. नाफ्था महागला तशी ती वीज महाग पडली. गोव्याची खरी भिस्त कायम कोरबा, विंध्याचल, रामगुंडम यांसारख्या केंद्राच्या वीजघरांवर राहिली आहे. म्हणजे आपले कारखाने चालतात ते छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या कोळशाच्या वीजघरांवर, तिथल्या लोकांनी दिलेल्या जमिनीवर. हे आपण कधी बोलत नाही, बोललं पाहिजे. उत्तर गोव्याचा मोठा आधार कोल्हापूरहून कोलवाळला येणारी ४०० केव्हीची लाईन, दक्षिणेचा आधार कर्नाटकातून येणाऱ्या २२० केव्हीच्या लाईनी. यातली एखादी बंद पडली की राज्य अंधारात. म्हणून दुसरी वाट हवी यात मला शंका नाही.

पण त्यासाठी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मोलेच्या जंगलातून नवी पट्टी कापायची याला माझा विरोध होता, आजही आहे. ज्यांनी २०२० मध्ये आंदोलन केलं ती मुलं विकासाच्या विरोधात होती असं मी मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जुन्या २२० केव्हीच्या वाटेनेच नवी लाईन न्यावी अशी दिशा दिली, तीच शहाणपणाची वाट आहे. खर्च जास्त येईल, रचना अवघड होईल. येऊ दे. जंगल वाचवण्याचा जादा खर्च हाही सार्वजनिक गुंतवणुकीचाच भाग आहे, आणि खासगी निविदेत तो कुणी आपणहून धरत नाही.

आता पुढे काय. एक, औद्योगिक वसाहतींतल्या ११ केव्हीच्या उघड्या तारा जमिनीखाली न्या. आपल्याकडे जेवढा पाऊस आणि जेवढे माड, तेवढ्यात उघडी तार म्हणजे दर पावसाळ्यात लगदा. केबल महाग असते, पण एकदाच. दोन, प्रत्येक वसाहतीला दोन बाजूंनी वीज द्या, एक बंद पडली तर दुसरी. तीन, आणि हा मुद्दा नवा आहे: आतापर्यंत उद्योगाने विजेवर यंत्रं फिरवली, उष्णता मात्र फर्नेस ऑइलवर, लाकडावर, काजूच्या टरफलांवर घेतली. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांचे बॉयलर घ्या, काजूचे कारखाने घ्या. उद्या ही उष्णता विजेवर येणार आहे, हीट पंप (आजूबाजूची उष्णता ओढून तापमान वाढवणारी यंत्रं) आणि विजेचे बॉयलर येतील. म्हणजे आजच्या मागणीवर बेतलेली उपकेंद्रं पुरणार नाहीत. शेडच्या पत्र्यांवर सोलर येतंय, चांगलंच आहे, पण आषाढात सोलर किती देईल हे तुम्हीच बाहेर बघून सांगा. त्यालाही जाडजूड तार लागते, दुपारची जादा वीज बाहेर जायला आणि रात्रीची आत यायला. चार, एका उपकेंद्राचं काम तीन निविदांत तोडू नका. चौथरा, ट्रान्स्फॉर्मर, पॅनेल, केबल, एकच जबाबदार माणूस, एकच तारीख.

खासगीकरणाबद्दल विचारणार असाल, तर दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीत २०२२ पासून वितरण खासगी कंपनीकडे गेलं आहे, गोव्यात अजून सरकारी खातंच आहे. माझं मत सरळ आहे. बिल कुणीही वसूल करावं. पण वीस वर्षांनी लागणाऱ्या क्षमतेवर आज पैसा घालायची जबाबदारी सरकारने सोडू नये, कारण ती उचलायला दुसरं कुणी येणार नाही.

आणि शेवटचं, हे तुमच्याकडे मागणं आहे. संयुक्त वीज नियामक आयोग गोव्यात येऊन वीजदराची जाहीर सुनावणी घेतो. याचिका सगळ्यांना वाचायला खुली असते. आमची कारखानदार मंडळी तिथे जातात आणि युनिटमागे किती पैसे वाढले यावर भांडून परत येतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्याच याचिकेत भांडवली खर्चाचं प्रकरण असतं, कोष्टकांसह: मागच्या वर्षी कुठली कामं मंजूर झाली, किती पैसा घातला, आणि त्यातलं किती काम पूर्ण होऊन वापरात आलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्या वसाहतीचं, आपल्या तालुक्याचं उपकेंद्र त्या यादीत शोधा. आणि यंदा सुनावणीला उभं राहून दराआधी हे विचारा, की मंजूर झालेलं ते काम कुठवर आलं, कुठल्या निविदेत अडलं आणि कुठल्या महिन्यात चालू होणार. महिन्याचं नाव घेतल्याशिवाय खाली बसू नका.

वेळ झाली. धन्यवाद. प्रश्न असतील तर मी थांबलो आहे.